तेल भरताय? १५ किलोचा डबा की १५ लिटरचा जार

दिवाळी आली की दुकानात हाच घोळ, इकडे १५ किलोचा पत्र्याचा डबा, शेजारी १५ लिटरचा प्लास्टिकचा जार, तेल तेच, कंपनी तीच, आणि जार शे-दीडशेने स्वस्त दिसतो म्हणून लोक बिनधास्त जार उचलतात. पण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं हो. शेंगदाणा घ्या, सोयाबीन घ्या नाहीतर सूर्यफूल, १ लिटर तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅमच भरतं. म्हणजे १५ लिटरच्या जारमध्ये तेल आलं १३.६५ किलो, आणि १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर. दीड लिटरचा फरक, थोडाथोडका नाही.

आता भाव. समजा जार २१०० ला आणि डबा २२५० ला आहे (आकडे फक्त हिशोबापुरते, भाव रोज बदलतो). जारचा दर पडला लिटरला १४०, डब्याचा किलोला १५०, वाटतं जारच बरा. पण १४० ला ०.९१ ने भागा, किलोला १५४ च्या आसपास जातो. डबाच स्वस्त निघाला की! आणि गंमत म्हणजे एमआरपीजवळ छापलेला युनिट दर बघूनही फसायला होतं, कारण एकावर दर किलोचा आणि दुसऱ्यावर लिटरचा असू शकतो. मोबाईल काढायचा, लिटरच्या दराला ०.९१ ने भागायचं, मगच तुलना.

पिशव्यांचं तर विचारूच नका. लिटरची पिशवी ९१० ग्रॅमची, आणि तिच्याच बाजूला ८५०-८७० ग्रॅमची, दिसायला जुळ्या बहिणी. पूर्वी लेबलवर लिटरसोबत तापमानही लिहायचे, आणि तेल तापलं की फुगतं, त्यामुळे ६० डिग्रीला मोजलेल्या लिटरमध्ये वजन ८९० ग्रॅमच्या आसपासच भरतं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना सांगितलं की तापमान काढा आणि लिटरसोबत वजन पण लिहा. तर ते वजन वाचा, बारीक अक्षरात असतं पण असतं.

सोयीचं म्हणाल तर जार जिंकतो. हँडल आहे, झाकण फिरवून बंद होतं, रिकामा झाला की पाण्याला कामी येतो. डब्याचं तोंड फोडा, नरसाळं लावा, किटलीत ओतताना ओट्यावर ओघळ ठरलेलाच, आणि एकदा फोडला की नीट झाकून ठेवायला लागतो नाहीतर तेल खवट होतं. ५ लिटरचे तीन कॅन भरूनही दीड लिटर उरतं, त्याला वेगळी बरणी आधीच शोधून ठेवा.

माझं मत, घरात पाच-सहा माणसं आणि फराळ घरीच होत असेल तर डबा. दोघंच असाल तर डबा पण नको आणि जार पण नको, ५ लिटरचा कॅन (साडेचार किलोच्या जरा वर) पुरतो, ताजं तरी खाल.

लाकडी घाण्यावरून आणत असाल तर आधी विचारा भाव किलोचा आहे की लिटरचा, दोन घाण्यांत तीस रुपयांचा फरक दिसतो त्यातला निम्मा कधीकधी इथेच असतो. आणि किलोने घेणार असाल तर लिटरची बाटली नेऊ नका, १ किलो तेलाला ११०० मिली जागा लागते.