भुयारात ड्रोन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सातपुड्याच्या पायथ्याच्या कपारी आणि चंद्रपूरकडची चुनखडीतली भुयारं, अशा दोन्ही ठिकाणी दोन ड्रोन आठ महिने वापरले. एक 249 ग्रॅमचा घडीचा, जीपीएसवाला. दुसरा तीन इंची पात्यांचा एफपीव्ही, म्हणजे कॅमेऱ्याचं थेट चित्र चष्म्यात बघून उडवायचा, पात्यांभोवती कडी असलेला. कड्यावरची कपार बाहेरून पाहायला पहिला चांगला, पण भुयाराच्या तोंडातून आत जायचं तर दुसराच लागतो.

पहिल्याची अडचण त्याच्या हुशारीतच आहे. आत जीपीएस नाही आणि अंधारात पोटाखालच्या कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही, त्यामुळे तो एका जागी न थांबता वाहत जातो. काळ्या पाषाणात होकायंत्रही बहकतं. तोंडाजवळ जीपीएस अजून मिळत असताना रिमोटचा सिग्नल तुटला तर ‘घरी परत’ म्हणून तो आधी वर उठतो आणि थेट छताला आपटतो. म्हणून आत नेण्याआधी ही सेटिंग ‘जागीच थांब’ किंवा ‘उतर’ अशी बदलायची, आणि बदल झालाय का हे पुन्हा उघडून बघायचं.

एफपीव्हीला हा ताप नाही, पण तो हातानेच सावरावा लागतो. छताच्या फार जवळ गेला की वरच्या हवेचा दाब कमी होतो आणि तो वर ओढला जातो. थ्रॉटल, म्हणजे मोटरींचा जोर, आधीच कमी ठेवावा. अरुंद बोळात पात्यांची हवा भिंतींवरून उलटून येते, ड्रोन डळमळतो आणि धुळीने चित्र पांढरं पडतं. 5.8 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवरून येणारं चित्र वळणापलीकडे टिकत नाही. चित्रात मुंग्या आल्या की पुढे जायचं नाही.

वर चढण्यासाठी दोर लावण्याचं काम मात्र खरंच सोपं झालं. ड्रोन जाड दोर नेत नाही, नेतो फक्त सुतळीसारखी बारीक दोरी. आधी मासेमारीची बारीक विणलेली दोरी, टोकाला 80 ते 100 ग्रॅम वाळूची पिशवी, ड्रोनच्या खाली दीड-दोन मीटर लोंबती. आखूड ठेवली तर दोरी पात्यात जाते. 249 ग्रॅमवाल्याला हे वजन झेपत नाही. रीळ मोकळं सोडायचं, हातात धरायचं नाही. जरा ताण आला की ड्रोन मागे खेचला जातो. ज्या दगडी खांबाला दोर अडकवायचा त्याच्या पलीकडे गेल्यावर हुक उघडून पिशवी सोडायची. 80 ग्रॅमहून हलकी पिशवी खडबडीत दगडावर मध्येच अडकते. मग त्या बारीक दोरीच्या मागे 3 मिलिमीटरची दोरी, आणि तिच्यामागे 10 मिलिमीटरचा स्थिर, म्हणजे फारसा न ताणणारा, दोर ओढायचा. जोडाच्या गाठीवर टेप गुंडाळून ती निमुळती करावी, नाहीतर फटीत रुतते.

दोर बसला म्हणजे आधार पक्का झाला, असं नाही. कॅमेऱ्यात खडक अखंड दिसतो, मागची भेग दिसत नाही. रुंद भिंगामुळे बोटाएवढा सुळका मांडीएवढा वाटतो. आधी दोघांनी मिळून, झटका न देता, दोराला लोंबकळावं. चुनखडीची धार दोर करवतासारखा कापते आणि तिथे खालून गोणपाट टाकता येत नाही, म्हणून पहिल्यांदा चढणाऱ्या माणसाने दुसरा आधार सापडेपर्यंत दोरावर झोके घेऊ नयेत.

आग्यामोहोळ असेल तर त्या कड्यावर ड्रोन नेऊच नये. खाली दोरावर माणूस असताना माश्या उठल्या तर उतरायला वेळ मिळत नाही. वटवाघळांच्या भुयारात पात्यांच्या हवेने सुकलेली विष्ठा उडते आणि श्वासातून फुप्फुसात जाते. तिथेही नको.

कायद्याचं थोडक्यात : 250 ग्रॅमच्या पुढे ड्रोन नॅनोतून मायक्रो गटात जातो, नोंदणी क्रमांक आधी काढून ठेवावा. अभयारण्यात वन खात्याच्या आणि संरक्षित लेण्यांत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय उडवू नये.

एफपीव्हीची बॅटरी 4 सेलची. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल 4.2 व्होल्ट, उडताना 3.5 ला आला की उतरवायचा, आणि आत जाताना निम्म्याहून कमी खर्च करायची. लाइट गेली तर 12 व्होल्टच्या ट्रॅक्टर-बॅटरीवर चालणारा चार्जर कामी येतो. मे महिन्यात भरलेल्या बॅटऱ्या गाडीत ठेवल्या तर फुगतात, प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवाव्यात, पण ओलसर जागी नको.