डोमेन नावांची साठेबाजी: आधी नियम की नंतर दाद?

वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ माझ्या मावशींचे मसाल्यांचे दुकान आहे. त्यांनी दुकानाच्या नावाने संकेतस्थळ काढायचे ठरवले, तेव्हा ते डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, एका अनोळखी माणसाने आधीच घेऊन विक्रीला ठेवले होते. त्या पत्त्यावरच्या कोऱ्या पानावर केवळ किंमत होती.

आज अशा वेळी नंतर दाद मागता येते. १९९९ पासून 'डॉट कॉम'साठी आयकॅनची (डोमेन नावांचे जागतिक नियमन करणाऱ्या संस्थेची) तंटा-निवारण पद्धत आहे, 'डॉट इन'साठीही वेगळी पद्धत आहे, आणि २००४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. मात्र नाव आपल्या चिन्हाशी मिळतेजुळते आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही आणि त्याचा हेतू वाईट आहे, हे तिन्ही तक्रारदारानेच सिद्ध करायचे असते. शिवाय जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासाठी किमान १,५०० डॉलर भरावे लागतात. मावशींना हे कसे परवडावे?

दुसरा मार्ग आधीच नियम करण्याचा. पूर्वी पाच दिवसांत नाव परत केल्यास पैसे परत मिळत, म्हणून हजारो नावे फुकट चाखली जात, म्हणजे तात्पुरती घेऊन आजमावली जात. आयकॅनने जादा परताव्यांवर शुल्क लावताच तो प्रकार जवळजवळ थांबला. पुनर्विक्रीच्या किमतीवर मर्यादा मात्र मला पटत नाही, कारण व्यवहार आडमार्गाने होतील. न वापरलेल्या नावांच्या संख्येनुसार वाढते नूतनीकरण शुल्क मला अधिक न्याय्य वाटते.