सहा गिअर, अकरा महिने आणि न पडणारा दुसरा

सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर पडेना, तेव्हाच ठरवलं की आता सविस्तर लिहायचं. गाडी मझदा एमएक्स-५, म्हणजे दोन सीटची छोटी उघडी स्पोर्ट्स कार, दुसऱ्या पिढीतली, १.८ लिटर, सहा गिअरची. पाच गिअरचीही एक चांगली गाडी समोर होती. मी सहासाठी अडून बसलो, कारण हायवेवर इंजिन शांत राहील असा माझा पक्का समज होता.

पहिल्याच लांब प्रवासात तो समज गेला. ताशी १०० ला, सहाव्यात, आरपीएमची (इंजिनचे मिनिटाला फेरे) सुई तीन हजारांखाली उतरेना. घरी येऊन रेशो मांडले, म्हणजे गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडायला इंजिनला किती फेरे मारावे लागतात ते. पाचच्या गिअरबॉक्समध्ये शेवटचा गिअर ०.८१४, माझा सहावा ०.८४३. म्हणजे सहावा त्या पाचव्यापेक्षा आखूडच, इंजिनला जास्त फिरवणारा! इंजिन थोडंफार शांत राहतं ते डिफरन्शियलमुळे (चाकांआधी फेरे आणखी कमी करणारे शेवटचे गिअर): माझ्याकडे ३.९०९, मित्राच्या पाच गिअरवालीत ४.३. दोन्ही रेशोंचा गुणाकार करा, ३.३० आणि ३.५० येतात. शंभरच्या वेगाला फरक जेमतेम दोनशे आरपीएमचा. चौथ्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये तर सहावा सरळ १.० आहे, पण डिफरन्शियल २.८६६, म्हणून ती हायवेला निवांत चालते. गाडी घेताना हा गुणाकार आधी करा, गिअर नंतर मोजा. मी केला नाही, आणि त्याची चुटपुट कितीतरी महिने होती.

आता दुसऱ्या गिअरचं. सर्व्हिसिंगनंतर तो अडायला लागला. थंडीत लिव्हर गिअरच्या तोंडाशीच थांबायचा, जोर लावला की खर्र आवाज. गॅरेजवाल्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, सिंक्रो रिंगा (गिअर पडण्याआधी त्याचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा) गेल्या, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली. सर्व्हिसिंगचं बिल पुन्हा वाचलं, त्यात गिअर ऑइल जीएल-५ लिहिलेलं (जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे). या गिअरबॉक्सला जीएल-४ बरं पडतं. काही जीएल-५ ऑइलमधली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रोंना मानवत नाहीत. शिवाय ऑइल फार निसरडं असेल तर रिंगेला गिअरचा वेग जुळवायला पकडच मिळत नाही. जुनं ऑइल काढून ७५डब्ल्यू-९० (हा ऑइलच्या दाटपणाचा आकडा) जीएल-४ भरलं. चार दिवसांत दुसरा गिअर पडायला लागला. गिअरबॉक्स उतरवायला निघालेल्या माणसांनी आधी स्वतःचं बिल वाचायला हवं होतं, हा राग अजून आहे.

यानंतर माझं मत बदललं. मित्राबरोबर महिनाभर गाड्या अदलाबदल केल्या. एकूण रेशो बघितला तर माझा तिसरा त्याच्या तिसऱ्यापेक्षा साधारण बारा टक्के आखूड. चढावरच्या वळणांत ते पायाला लगेच कळतं. त्याच्या गाडीत दुसऱ्यात इंजिन ओरडतं आणि तिसऱ्यात ढेपाळतं, अशी जागा वारंवार यायची. माझ्या गाडीत तिथे तिसरा बरोबर बसतो. एक मात्र सांगतो, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएमची पडझड दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे (पहिल्याचा रेशो दुसऱ्याच्या १.६६ पट), त्यामुळे सहा म्हणजे सगळे गिअर एकमेकांना चिकटलेले, हे खरं नाही.

गर्दीच्या रस्त्यावर मात्र पाचच बरा. दुसऱ्यात टाकून निवांत जाता येतं आणि त्याचा लिव्हर जास्त मोकळा, गोड पडतो. माझ्या हाताला सतत काम. शिवाय पाचव्यातून चौथ्याला येताना घाईत हात चुकून दुसऱ्यात जाईल, ही धास्ती राहते. वेगात तसं झालं तर इंजिनच जाईल. म्हणून मी लिव्हर मुठीत आवळत नाही, तळहाताने फक्त ढकलतो.

वळणाचे रस्ते रोजचे असतील तर सहा घ्या. केवळ हायवेच्या शांततेसाठी घेणार असाल तर मी हो म्हणणार नाही. माझी गाडी मी ठेवतोय. ऑइलचा उरलेला डबा डिकीत आहे आणि पुढच्या सर्व्हिसिंगला तोच देणार आहे.