ऑडिओ इंटरफेस आठ महिने वापरल्यावर: डबा चांगला, ड्रायव्हरने रडवलं

दोन इनपुट, दोन आउटपुटवाला साधा यूएसबी इंटरफेस आहे माझा, म्हणजे माइक, गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण थोड्याफार फरकाने हे कुठल्याही इंटरफेसबरोबर होऊ शकतं. काम म्हणजे मुख्यतः व्हॉइसओव्हर, अधूनमधून गिटार.

पहिले पाच महिने खरंच काही तक्रार नव्हती. प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग) स्वच्छ, गेन बराच वर नेला तरी हिस जाणवेल इतका नाही, फँटम पॉवरचं (कंडेन्सर माइकला वीज देणारं) बटण घट्ट आहे त्यामुळे चुकून दाबलं जात नाही. हेडफोनचा आवाज थोडा कमी पडतो, तेवढंच.

मग विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून विंडोज ११ टाकलं. अपग्रेड सुरळीत झालं, इंटरफेसचा लाइटसुद्धा लागला, पण आवाज नाही आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये एएसआयओच्या (कमी लॅगने आवाज नेणाऱ्या ड्रायव्हरच्या) यादीतून नावच गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड ३९, म्हणजे ड्रायव्हर लोड होत नाहीये. मी आपला ड्रायव्हर परत टाकतोय, रीस्टार्ट करतोय, परत टाकतोय, केबल बदलली, पोर्ट बदलला, अर्धा दिवस गेला आणि जैसे थे. कंपनीच्या सपोर्टला मेल केला तर उत्तर आलं, ड्रायव्हर रीइन्स्टॉल करून बघा. धन्य!

शेवटी कारण सापडलं विंडोज सिक्युरिटीत. तिथे कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचं सेटिंग असतं, ते चालू असलं की त्याच्या नियमात न बसणारे जुने ड्रायव्हर विंडोज लोडच होऊ देत नाही. माझ्याकडे ते आधी बंद होतं, अपग्रेडनंतर चालू दिसलं. बंद केलं, रीस्टार्ट केलं, इंटरफेस लगेच हजर. इथे बरेच जण थांबतात, मला ते पटलं नाही, कारण ते सुरक्षेसाठी आहे आणि एका माइकपायी अख्ख्या कॉम्प्युटरचं कुलूप काढून ठेवायचं म्हणजे जरा अतीच.

नवीन ड्रायव्हर होता, पण डाउनलोडच्या पानावर पार खाली, बीटा म्हणून. तो सरळ वरून टाकला तर परत तोच त्रिकोण, कारण जुन्याचे अवशेष आत तसेच. मग केबल काढली, जुना अनइन्स्टॉल केला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेन्यूतून हिडन डिव्हायसेस दाखवायला सांगितले तर त्याच इंटरफेसच्या तीन फिकट एंट्री निघाल्या, दर पोर्टची एक! तिन्ही उडवल्या, उडवताना ड्रायव्हरही काढून टाकायची टिक केली (ही टिक विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात), रीस्टार्ट, मग मेमरी इंटिग्रिटी परत चालू, आणि केबल न लावता नवीन इन्स्टॉलर चालवला. त्याने सांगितल्यावरच केबल लावली. चाललं.

हे सगळं उमगेपर्यंत आठवडाभर विंडोजच्या स्वतःच्या यूएसबी ऑडिओ ड्रायव्हरवर काम काढलं, ऑडिओ क्लास २ (यूएसबी ऑडिओचं मानक) साठी तो २०१७ पासून विंडोजमध्येच येतो, त्यावर एएसआयओ४ऑल (विंडोजचा साधा ड्रायव्हर एएसआयओसारखा वापरू देणारं सॉफ्टवेअर). लॅग जाणवत होता पण डायरेक्ट मॉनिटरिंग (आपला आवाज हेडफोनमध्ये थेट ऐकणं) हार्डवेअरमधूनच होतं त्यामुळे बोलताना अडलं नाही.

बरं, एवढ्यावर सुटका नाही. नवीन ड्रायव्हरवर मध्येच कटकट असा आवाज यायचा. पॉवर प्लॅन बॅलन्स्डवर गेला होता तो हाय परफॉर्मन्सवर आणला, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारं सेटिंग) बंद केलं, फरक पडला पण पूर्ण नाही. लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर आवाज अडवतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवलं तर त्याने वायफायच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून तो अपडेट केला आणि कटकट गेली. आता ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलच्या बफरवर (एका वेळी साठवून पुढे पाठवलेला आवाजाचा तुकडा), म्हणजे एका बाजूने साधारण २.७ मिलिसेकंद, आरामात चालतंय. प्लगिन जास्त असले की २५६ करतो.

एक गंमत राहिली. जुनं रेकॉर्डिंग उघडलं तर माझाच आवाज बारीक आणि घाईघाईत. प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचा आणि इंटरफेस ४८ वर अडकलेला, म्हणून जवळजवळ दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे अर्धा स्वर) वर. दोन्हीकडे एकच आकडा ठेवला की ठीक. आणि माइकचा सिग्नल इंटरफेसवर दिसतोय पण मीटिंगच्या अॅपमध्ये शांतता असेल तर आधी विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये माइकची परवानगी बघा, मी तिथे उगाच तासभर घालवला.

घ्यावा का? आवाजासाठी नक्की. पण घेण्याआधी डाउनलोडच्या पानावर शेवटचा ड्रायव्हर कधी आलाय ती तारीख बघा, मी तेव्हा फक्त प्रीअँपचे रिव्ह्यू बघत बसलो होतो. पाचपैकी साडेतीन. लॅपटॉप स्लीपमधून उठला की अजूनही कधीतरी इंटरफेस दिसत नाही, केबल काढून लावली की येतो.