एजंटच्या आठवणींवर सही : सात महिने वापरल्यावर

आमचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. तक्रारी नोंदवायला आणि पुरवठादारांचे मेल वाचायला एआय एजंट (स्वतःहून कामं करणारा प्रोग्राम) लावला, आणि त्याच्या प्रत्येक आठवणीवर, म्हणजे पुढे वापरायला तो साठवतो त्या नोंदीवर, एड२५५१९ पद्धतीची डिजिटल सही (नोंद कोणी केली आणि नंतर बदलली का हे दाखवणारी खूण) घालायची सोय मीच केली. सही ६४ बाइटची, वेगात फरक जाणवत नाही. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश (मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा छोटा आकडा) असतो, म्हणून मधली नोंद कोणी बदलली की साखळी तुटते. शेवटच्या नोंदी कापल्या तर मात्र कळत नाही. त्यासाठी रोज रात्री शेवटचा हॅश दुसऱ्या मशीनवर जातो.

पहिले दोन महिने माझं मोठं चुकलं. सहीची किल्ली (सही करायला लागणारा गुप्त आकडा) एजंटकडेच होती. पुरवठादाराच्या नावाने मेल आला, 'बँक खातं बदललंय, यापुढे पैसे इथे पाठवा.' एजंटने ते लक्षात ठेवलं, त्यावर सही केली आणि तपासणीत सगळं बरोबर निघालं. सही खरी, मजकूर खोटा! वहिनींनी बिल भरण्याआधी फोन करून विचारलं म्हणून पैसे वाचले.

आता किल्ल्या तीन आहेत : मेल वाचणाऱ्या भागाची, एजंटच्या स्वतःच्या निष्कर्षांची आणि माझी. माझी एजंटच्या हाती लागत नाही. पैशांबद्दलची आठवण माझी सही असेल तरच चालते, आणि ही तपासणी आठवण वापरताना दर वेळी होते. एजंट सारांश काढतो तेव्हा मूळ नोंदींचे हॅश सोबत ठेवावे लागतात. मेलमधून आलेली गोष्ट सारांशात शिरली म्हणून तिचा दर्जा वाढत नाही. पाचव्या महिन्यात तसाच मेल पुन्हा आला. 'मेलमध्ये असं म्हटलंय' एवढीच नोंद झाली, व्यवहार अडला.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो 'शेतकऱ्या'तल्या ऱ्याने. एका ठिकाणी ऱ हे एकच अक्षर, दुसरीकडे र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब). दिसायला सारखंच, बाइट वेगळे, सही नापास. सही करण्याआधी युनिकोडच्या एनएफसी रूपात (अशी वेगवेगळी लिहिलेली अक्षरं एकसारखी करणारं ठरलेलं रूप) आणल्यावर ते सुटलं. जुन्या मजकुरात र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असतं, ते एनएफसी बदलत नाही; त्यासाठी वेगळा नियम लिहिला. मराठीत काम करणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

ग्राहकाने माहिती पुसायला सांगितली तर? नोंदच काढली तर साखळी तुटेल. म्हणून मजकूर आता ग्राहकागणिक वेगळ्या किल्लीने एन्क्रिप्ट करतो (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करतो), साखळीत फक्त त्याचा हॅश. ती किल्ली नष्ट केली की मजकूर वाचता येत नाही, साखळीही शाबूत राहते.