घर कुठे बांधायचं: सावित्रीकाठी की डोंगराच्या उतारावर?

महाड-पोलादपूर भागात घर बांधायला निघालं की बहुधा दोन प्रकारच्या जागा समोर येतात. एक खाली, नदीजवळ; बाजार, एसटी, शाळा हाताशी. दुसरी वर, वाडीत. "खालची पुरात जाईल" म्हणून घरची मंडळी वरच्या जागेला होकार देतात. हा होकार घाईचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

22 जुलै 2021 चा पाऊस आठवा. महाबळेश्वरात 24 तासांत जवळजवळ 600 मिमी कोसळला. ते पाणी सावित्रीतून उतरलं आणि महाड शहर बुडालं. त्याच दिवशी, त्याच तालुक्यात, तळिये गावावर दरड आली आणि 80 हून जास्त माणसं गेली. खालचे रस्ते पाण्याखाली असल्याने मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. म्हणजे वर राहिलं तरी पुरातून सुटका नाही. तुमची वाट तोच अडवतो. 2005 च्या जुलैतही हेच झालं होतं. जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे मिळून दीडशेहून जास्त बळी गेले.

पूर वारंवार येतो, पण चढताना दिसतो. भरती असेल तर खाडीकडे निचरा होत नाही आणि पाणी झपाट्याने वाढतं, तरी माणसं हलवायला वेळ मिळतो. शिवाय त्याचा हिशेब मांडता येतो. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऐकायला लांबचं वाटतं. पण 30 वर्षांच्या संसारात निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता 70 टक्के आहे, लाल रेषेपर्यंत 26 टक्के. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाईच आहे. रेषा आखलेल्या नसतील तिथे शेजाऱ्यांच्या भिंतींवर 2005 आणि 2021 च्या खुणा विचारा.

दरडीचं असं नाही. ती क्वचित येते, पण उठून दाराशी जायलाही वेळ देत नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे दरडप्रवण क्षेत्राचे नकाशे 1:50,000 प्रमाणाचे आहेत. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. अख्खी वाडी काही मिलिमीटरांत मावते. 19 जुलै 2023 च्या रात्री गाडली गेलेली इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. त्यामुळे यादीत नाव नाही एवढ्यावर विसंबू नका.

त्यापेक्षा जागेवर पुरुषभर खड्डा खणून माती बघा. गोल, गुळगुळीत गोटे निघाले तर ते नदीने आणलेत. लहानमोठे टोकदार दगड चिखलात कसेही कालवल्यासारखे निघाले तर ते बहुधा वरून घसरून आलेत, आणि जिथे एकदा आलेत तिथे पुन्हा येऊ शकतात. ओढा डोंगरातून बाहेर पडतो तिथली ऐसपैस सपाटी फार मोहात पाडते; पण ती अनेकदा अशाच राड्याने बनलेली असते. वरच्या बाजूला जमिनीला भेगा, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा दिसला तर ती जागा सोडा. आणि जेसीबीने उताराचा पायथा कापून सपाटी काढलेला प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो पायथाच वरची माती धरून असतो.

भूकंप आणि वादळाचा प्रश्न जागेपेक्षा बांधणीचा जास्त. 1967 चा कोयनेचा धक्का, 2020 चं निसर्ग वादळ, दोन्ही या मुलखाला माहीत आहेत. दोन्हीकडे पट्टा-बीम (भिंतींना चहूबाजूंनी बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा) आणि नीट आवळलेलं छप्पर हवंच.

मी निवड केली तर निळ्या आणि लाल रेषेच्या मधली जागा घेईन, पण जोतं 2021 च्या खुणेच्या वर, वर स्लॅबचा मजला आणि घरापासून उंचावर जाणारी, पाण्याखाली न जाणारी वाट असेल तरच. वरची जागा मी सौम्य उतार, ओढ्यापासून अंतर आणि खड्ड्यात टोकदार दगडांचा कालवा नसलेली माती मिळाली तरच धरेन. तुमचं घर आधीच वर असेल तर अतिवृष्टीचा इशारा आला की खालचे रस्ते पाण्याखाली जायच्या आत मुलं-म्हातारी माणसं त्या रात्रीपुरती दरड आणि पूर दोन्हींपासून सुरक्षित जागी पाठवा. आणि नवीन जागेचा विसार उन्हाळ्यात देऊ नका. जुलैत पाऊस उघडला की जाऊन बघा, पाणी कुठून उतरतं आणि कुठे तुंबतं.