हर्बल एनर्जी टी: चव मस्त, पण कॅफिनचा आकडा कुठाय?

चवीचं आधी सांगून टाकते, छान आहे. पाकीट उघडल्या उघडल्या गवती चहा आणि आल्याचा वास येतो, येर्बा माटेचा (दक्षिण अमेरिकेतली चहासारखी पानं) तो धुरकट कडवटपणा ज्येष्ठमधाने बऱ्यापैकी झाकलाय, साखर लागतच नाही. प्रत्येक टी बॅग वेगळी सील केलेली. दोन स्टार ह्याचेच.

बाकीचे तीन डब्यावरच्या लिखाणाने घालवले. समोर ठळक अक्षरात 'कॉफीशिवाय एनर्जी, शंभर टक्के नैसर्गिक' आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात येर्बा माटे, ग्वाराना (ॲमेझॉनकडची एक वेल), ग्रीन टी. अहो ह्या तिन्हींत कॅफिनच असतं! ग्वारानाच्या बियांत तर कॉफीच्या बियांपेक्षा जास्त. एनर्जी येते, खोटं कशाला बोलू, चांगली तरतरी येते, पण ती कॉफीवालीच तरतरी आहे आणि संध्याकाळी प्यायलं तर रात्री छताकडे बघत पडायचं, कारण निम्मं कॅफिन अंगातून जायलाच साधारण पाच तास लागतात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याहून बराच जास्त वेळ.

कॅफिन आहे म्हणून माझी तक्रार नाहीये, मी कॉफी पिणारी बाई आहे. तक्रार ही की एका बॅगेत किती मिलिग्रॅम ते कुठेच लिहिलेलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितलंय की निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, एका वेळी २०० आणि गरोदर बाईला दिवसभरात मिळून २००. आता हे डब्यावर म्हणतात 'दिवसातून ४-५ कप बिनधास्त प्या', मग हिशोब करायचा कसा? कस्टमर केअरला विचारलं तर उत्तर आलं, नॅचरल आहे मॅडम, काळजी नको.

नॅचरल तर इफेड्रा नावाची वनस्पती पण होती ना. वजन कमी करायच्या सप्लिमेंटमध्ये सर्रास घालायचे, मग हृदयाचे झटके आणि स्ट्रोकच्या केसेस यायला लागल्या आणि अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००४ मध्ये त्यातल्या इफेड्रिनवाल्या सप्लिमेंटवर बंदी आणली. त्याची जागा मग कडू संत्र्याच्या अर्काने घेतली, त्यातलं सिनेफ्रिन पण त्याच जातीचं, आणि कॅफिनसोबत घेतलं की बीपी आणि ठोके वाढायची शक्यता आणखी. ह्या डब्यात ते नाही, पण 'स्लिम' वाल्या चहांच्या यादीत हे नाव दिसलं तर मी तरी खाली ठेवीन. सोनामुखी दिसली तरी तेच, तिने पोट ढिलं होतं, चरबी जात नाही, काट्यावर कमी दिसतं ते पाणी.

ज्येष्ठमधाचं पण एक आहे, बरेच दिवस भरपूर पोटात गेलं तर पोटॅशियम घटतं आणि बीपी चढतं. चवीपुरता एखादा कप वेगळा आणि रोज चार-पाच वेगळे, आणि इथे सोबत कॅफिन पण आहेच.

गंमत म्हणजे युरोपात लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन असलं की पेयावर इशारा आणि आकडा दोन्ही छापावं लागतं, फक्त चहा-कॉफीपासून केलेल्या आणि नावातच चहा-कॉफी असलेल्या पेयांना सूट, कारण त्यात कॅफिन असणार हे लोक धरून चालतात. आणि हर्बल टी म्हटलं की नेमकं उलटं धरून चालतात!

धडधड, बीपी, झोपेचा त्रास असेल, दिवस गेले असतील किंवा फ्लुवोक्सामीन (मानसिक आजारावरचं औषध) नाहीतर सिप्रोफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) चालू असेल (दोन्हींनी कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकतं) तर आकडा छापेपर्यंत हा डबा नकोच. बाकीच्यांनी सकाळी एक कप प्यावा, त्या दिवशी कॉफी कमी करावी. नाहीतर ह्यांचाच साधा गवती चहा-आल्याचा डबा घ्या, त्यात माटे, ग्वाराना, ग्रीन टी काही नाही आणि वास तोच येतो.